विहीर कुणाची, कॅमेरा कुणाचा?



या अंकात कविता दोनच आहेत. कथा एकही नाही. उरलेली सगळी पानं शिरपूर तालुक्यातल्या एका गावच्या आठवी-नववीच्या पोरापोरींना दिली आहेत. या पोरांनी मोबाइलवर दोन-दोन, तीन-तीन मिनिटांच्या फिल्मा केल्या. पाण्याच्या, गटारीच्या, धुराच्या. फिल्म कागदावर छापता येत नाही, म्हणून त्यातलं बोलणं जसंच्या तसं उतरवून घेतलंय. आहिराणी आहिराणीतच ठेवलीय. प्रमाण मराठीवाल्यांच्या जिभेला ती जिथे अडेल तिथे अडू द्या.

अंक जुळवत होतो तेव्हाच मुंबईच्या एका मित्राने फोनवर झापलं. म्हणाला, "अरे, आपली पोरं अजून स्कॉलरशिपसाठी समाजकल्याणच्या पायऱ्या झिजवतायत, अट्रॉसिटीच्या केसेस कोर्टात कुजतायत, आणि तू पोरांना झाडं-पाखरं शिकवत बसलास? पर्यावरण हा पांढरपेशांचा रविवारचा उद्योग. त्यांना करू दे."

त्याचं निम्मं खरं आहे, म्हणून उत्तर या पानावर देतो.

पर्यावरण म्हणून शाळेत जे चालतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवा असं सांगितलं. त्यानंतर पुस्तकं निघाली, प्रकल्पवह्या निघाल्या. आमच्या नववी-दहावीला तर 'जलसुरक्षा' नावाचा वेगळा विषय आला. पोरं पाण्याचं चक्र काढतात, निळ्या खडूने ढग रंगवतात, 'पाणी हेच जीवन' असं वळणदार अक्षरात लिहितात. जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला, तेव्हा आपल्या शाळांना सुटी. मग जूनच्या शेवटी कधीतरी पाहुणा येतो, रोप लावतो, फोटो निघतो. खड्डा बहुतेक वेळा मागच्या वर्षीचाच असतो. मी चाळलेल्या प्रकल्पवह्यांत पाऊस होता, जंगल होतं, वाघ होता. एकाही वहीत माणूस नव्हता. असलाच तर तो झाड तोडणारा, कुऱ्हाडवाला, काळा, अर्धा उघडा. म्हणजे गुन्हेगार कोण हे पोरांच्या डोक्यात आधीच बसवून झालंय.

आणि चळवळींचा इतिहास? तो १९७३ च्या चिपकोपासून सुरू होतो. चिपको मोठीच गोष्ट आहे, त्या बायांना माझा सलाम. पण त्याच्या शेहेचाळीस वर्षं आधी, २० मार्च १९२७ ला, महाडला हजारो माणसं एका तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली, ते काय होतं? सार्वजनिक पाणवठा सर्वांचा, ही मागणी जर पर्यावरणाची मागणी नसेल तर मग पर्यावरण म्हणजे नक्की काय, ते तरी आम्हाला सांगा. ते तळं आमचं आहे हे मुंबई हायकोर्टाकडून मान्य करून घ्यायला १७ मार्च १९३७ उजाडावा लागला. ओंजळभर पाण्याला दहा वर्षं. मुकुल शर्मा यांनी २०१७ साली जात आणि निसर्ग यांच्यावर इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं, त्यात भारतातल्या पर्यावरणवादाला जात कशी दिसत नाही हे मांडलंय. पुस्तक चांगलं आहे, किंमत आपल्या खिशाच्या बाहेरची आहे.

तेव्हा माझ्या मुंबईच्या मित्रा, ते पर्यावरण पांढरपेशांचं असेल. आमचं वेगळं आहे. आमचं पर्यावरण हंड्यात असतं, गटारीत असतं, गावाचा उकिरडा कुठल्या दिशेला टाकायचा या ठरावात असतं. वारा कुठून वाहतो हे बघून गावकुसाबाहेरची जागा ठरवली त्या माणसांना पर्यावरण चांगलं कळत होतं.

आता मोबाइलचं.

जून २०१८. जळगाव जिल्हा, जामनेर तालुका, वाकडी गाव. उन्हाचा कहर. मातंग समाजातली अल्पवयीन पोरं एका विहिरीत पोहली. त्यांना उघडं केलं, मारलं, आणि मारताना मोबाइलवर शूटिंग केलं. तो व्हिडिओ देशभर फिरला. पोरांचे चेहरे, पोरांची अंगं. ज्यांनी मारलं त्यांनी तो दहशतीसाठी काढला. पण पुढे ढकलणाऱ्यांत कळवळावाले सुद्धा होते, आपल्या बाजूचे म्हणवणारे होते. त्या पोरांना विचारलं कुणी, की बाबांनो, तुमची ही अवस्था अख्ख्या देशाला दाखवू का?

त्यानंतर तीन आठवडे झाले असतील. १ जुलै २०१८. आमच्याच धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका, राईनपाडा. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं. मोबाइलवर अफवा फिरत होती की पोरं पळवणारी टोळी आलीय. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. त्याचेही व्हिडिओ निघाले.

एक विहीर, एक बाजाराचा दिवस, आणि दोन्हीकडे खिशातलं तेच यंत्र. खानदेशातल्या ज्या पोरांबरोबर मी बसतो ती याच काळात वाढली. मोबाइल म्हणजे काय, हे त्यांना मी शिकवायची गरज नाही. मोबाइल म्हणजे कुणीतरी दुसरा आपल्यावर रोखतो ती चीज, हे त्यांना ठाऊक आहे. तीच चीज उलटी फिरवून आपण जगावर रोखायची, एवढंच आम्हाला एकमेकांकडून शिकायचं होतं.

म्हणून पहिला महिना आम्ही एकही शॉट घेतला नाही. पोरं वैतागली. "दादा, शूटिंग कधी?" मी म्हटलं, आधी तुमच्या मोबाइलवर काल काय-काय आलं ते दाखवा. एकेक फॉरवर्ड उघडायचा आणि चार प्रश्न विचारायचे. हे कुणी काढलं? कुठे? कधी? तुला कुणी पाठवलं? बहुतेक वेळा चौथ्याचंच उत्तर मिळायचं. पहिल्या तिघांची जागा कोरी. महिन्याभराने एका पोराने घरी बापाला हेच प्रश्न विचारले आणि चापट खाल्ली. चापट खाऊन दुसऱ्या दिवशी हसत आला, तेव्हा मला वाटलं आता शूटिंगला हरकत नाही.

शाळकरी पोरांना काय कळतं, असं विचारणाऱ्यांसाठी एक आठवण. १८५५ साली पुण्यात जोतीराव-सावित्रीमाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'ने छापला. चौदा वर्षांची पोर. शिक्षण तीन वर्षांचं. त्या निबंधात आपल्या माणसांना जमिनीवरून कसं हाकललं, इमारतींच्या पायात कसं गाडलं, हे तिने लिहिलंय. जमीन कुणाची, पाया कुणाच्या हाडांवर, हा प्रश्न आपल्याकडे पहिल्यांदा छापून आणला तो एका विद्यार्थिनीने. आणि तिच्या शिक्षकांचं मोठेपण कशात? त्यांनी तो निबंध स्वतःच्या नावाने लिहिला नाही. तिच्या रागाला इस्त्री केली नाही. लिहायला शिकवलं आणि बाजूला झाले. हल्ली याला मेंटॉर म्हणतात. शब्द कुठलाही वापरा, बाजूला होणं जमतंय का ते बघा.

आता शिरपूर. मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. धुळे जिल्ह्याचं हे उत्तरेचं टोक. खाली तापी, वर सातपुडा, पलीकडे मध्य प्रदेश, आणि मधून मुंबई-आग्रा रस्ता. डोंगराकडे पावरा-भिल्लांचे पाडे, तापीकडे कापसाची काळी जमीन. शहराजवळून अरुणावती जाते.

पाण्याच्या दुनियेत शिरपूरचं नाव मोठं आहे. भूजल खात्यातून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून इथे काम उभं केलं. आमदार अमरीश पटेलांचं पाठबळ होतं, सूतगिरणीचा पैसा होता. युक्ती अशी, की नाले यंत्राने रुंद करायचे, खोल करायचे आणि त्यात एकामागून एक बंधारे घालायचे. तापीकाठच्या गाळात चिकणमातीचा थर पाणी खाली उतरू देत नाही, तो थर कापायचा म्हणजे पाणी खालच्या वाळूत जातं. वरच्या अंगाला काळा कातळ फोडायचा. पाऊस पडला की नाला भरतो, पाणी मुरतं, आजूबाजूच्या विहिरींना पाणी चढतं. याला शिरपूर पॅटर्न म्हणतात. राज्यभरातून माणसं बघायला आली. डिसेंबर २०१४ मध्ये राज्याने जलयुक्त शिवार सुरू केलं, त्यात नाला खोलीकरणाचा मोठा भाग होता. नाले किती खोल न्यावेत यावरून जलतज्ज्ञांत वाद झाले, तो त्यांचा वाद त्यांच्या पातळीवर चालू द्या. खडकाचं शास्त्र मला पोरांइतकंच कळतं. पाणी मुरलं, विहिरी भरल्या, हे मी नाकारत नाही. डोळ्यांनी बघतो.

पण नववीतल्या एका पोरीने जो प्रश्न विचारला तो कुठल्याही पॅटर्नच्या पुस्तकात मी वाचला नव्हता. तिची फिल्म सुरू होते ती भरलेल्या बंधाऱ्यापासून. पाणी हिरवं, संथ, कडेला बगळा. सुंदर शॉट आहे, कॅलेंडरवर छापावा असा. मग ती चालत जाते, कॅमेरा हातात, पायांचा आवाज येतो. पहिली विहीर दिसते. ती विचारते, "हाई पानी कोनं शे?" शेतावरचा माणूस मालकाचं नाव सांगतो. दुसरी विहीर. पुन्हा तोच प्रश्न. तिसरी. मग शेतं संपतात, आपला वाडा लागतो, आणि हातपंपासमोर हंड्यांची रांग. इथे ती प्रश्न विचारत नाही. नुसती उभी राहते. हातपंपाचा करकर आवाज येत राहतो. फिल्म संपली.

मी तिला काही शिकवलं नव्हतं. नंतर मात्र आम्ही सगळे बसलो आणि कायदा उलगडला. जमिनीखालचं पाणी जमीनवाल्याने उपसावं ही गोष्ट १८८२ च्या इंडियन ईझमेंट ॲक्टमध्ये बसलेली आहे, इंग्रजांची देणगी. पुढे महाराष्ट्राने २००९ चा भूजल कायदा केला, खोल विंधनविहिरींवर बंधनं घालायची सोय त्यात केली. पण विहीर ज्याच्या शेतात त्याचं पाणी, ही गावची समजूत कायद्याच्या आधीपासूनची आहे. नाला सरकारी, पाऊस आभाळाचा, मशीनचं डिझेल कुठल्यातरी निधीचं. मुरलं की मात्र ते सातबाऱ्याप्रमाणे वाटलं जातं. ज्याचा सातबाराच नाही त्याच्या नावावर पाणी मुरणार कुठे? चवदार तळं डोळ्यांना दिसत होतं, त्याच्या काठावर जाऊन उभं राहता येत होतं. जमिनीच्या पोटातल्या तळ्यावर मोर्चा कसा न्यायचा, हा आमच्या पिढीचा प्रश्न आहे आणि तो एका पोरीने पायी चालून मांडला.

या फिल्मवरून आमच्यात भांडण झालं, तेही सांगतो. फिल्मच्या मध्यावर एक म्हातारी आहे. निंदणी करता करता ती पोरीला म्हणते, "पानी उनं तं कामना दिन वाढनात. हाई बी सांग." म्हणजे पाणी आल्यापासून मजुरीचे दिवस वाढले, हेही सांग. मदतीला शहरातून आलेला आपला एक कार्यकर्ता म्हणाला, एवढं वाक्य कापू, याने मुद्दा ढिला पडतो, जमीनदाराचं कौतुक होतं. पोरगी म्हणाली, "आजीने सांग म्हटलं होतं." बस, एवढंच बोलली आणि मोबाइल छातीशी धरला.

मी पोरीच्या बाजूने उभा राहिलो आणि आजही आहे. म्हातारीला मजुरीचे दिवस मिळतात हे खरं आहे. विहीर तिची नाही हेही खरं आहे. दुसऱ्याच्या पाण्यावर आपली चूल पेटते म्हणून आपण गप्प बसतो, हा गुलामीचा सगळा कारखाना त्या एका वाक्यात आहे. ते कापलं असतं तर उरली असती घोषणा. घोषणा आपण भिंतीवर लिहितो, त्यासाठी पोरांना वेठीला धरायची गरज नाही. आणि आपल्याला गैरसोयीचं बोलणारी आपलीच म्हातारी आपणच कापली, तर आपल्यात आणि त्या प्रकल्पवह्यांत काय फरक राहिला?

कामाची रीत विचारणारी पत्रं येतील, म्हणून तीही सांगून टाकतो. डिजिटल स्टोरीटेलिंग असं भारदस्त नाव असलेला हा प्रकार १९९० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियात सुरू झाला. ज्यो लॅम्बर्ट, डॅना ॲचली आणि त्यांचे सोबती. गोल करून बसायचं, प्रत्येकाने आपली गोष्ट तोंडी सांगायची, बाकीच्यांनी ऐकून प्रश्न विचारायचे, मग ती स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करायची आणि तिला फोटो जोडायचे. दोन-तीन मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही. मला हे वाचल्यावर हसू आलं. भीमराव कर्डकांचे जलसे काय वेगळं करत होते? गाव जमवायचं, आपल्याच आवाजात आपलीच गोष्ट, आणि गोष्टीत प्रश्न. आमच्याकडे फक्त यंत्र नव्हतं.

यंत्र आताही फारसं नाही. सात पोरंपोरी, मोबाइल तीन. एकाची काच फुटलेली, त्यावर पारदर्शक टेप. मोबाइल बापाचा किंवा भावाचा, म्हणजे तो संध्याकाळी कामावरून आल्यावर मिळणार आणि तोवर उजेड गेलेला. पोरींना तर घरात मोबाइल हातात मिळणंच मुश्कील. पोरगी मोबाइलवर काय करते यावर अख्ख्या गल्लीचा पहारा. म्हणून आम्ही आवाज आधी घ्यायला लागलो. रात्री अंधारात नुसता आवाज रेकॉर्ड करायचा आणि रविवारी उजेडात फोटो. त्याने झालं असं, की पोरं आधी ऐकायला शिकली. शहरातली पोरं आधी बघतात आणि ऐकायचं राहून जातं, असं माझं निरीक्षण आहे. माइक नाही, वाऱ्याचा आवाज फार येतो. मोबाइलच्या भोकावर पातळ रुमाल धरायचा, पुष्कळ फरक पडतो. मोबाइल आडवा धरायचा. बोलणाऱ्या माणसाच्या उंचीला बसायचं, उभं राहून बसलेल्या माणसाचं शूटिंग करायचं नाही. हा नियम मी केला आणि पोरांनी मला कारण विचारलं नाही. त्यांना वरून बघितलं जाण्याची सवय आहे, लगेच कळलं.

भाषेवरून सुरुवातीला गंमत झाली. मोबाइल चालू केला की पोरं एकदम बातम्यांतल्यासारखी बोलायची. "आज आपण पाहणार आहोत की सदर गावामध्ये पाण्याची भीषण समस्या." अरे, घरी असं बोलतोस का? एक पोरगा लाजून म्हणाला, घरी म्हणतो, "आमनी गल्लीमा नळ शे, पानी नही शे." मी म्हटलं, मग हेच बोल. सात शब्दांत सगळं आलं. शाळेने त्याला शिकवलं होतं की हे बोलणं गावंढळ, हे लिहायचं नसतं. जे बोलणं लिहायचं नसतं त्यात सांगितलेलं दुःखही मग लिहायचं राहतं.

शिरपूरजवळच्या वाघाडीला ३१ ऑगस्ट २०१९ ला रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. किमान बारा माणसं गेली. तेव्हा ही पोरं दुसरी-तिसरीत होती. आमच्यातल्या एकाला त्याच्यावर करायचं होतं. पण त्याच्याकडे दाखवायला काही नाही. टीव्हीवरची दृश्यं उचलू नको, ती दुसऱ्याची आहेत आणि त्यात मेलेल्यांची प्रेतं आहेत, एवढं मी सांगितलं. आठ दिवस तो नुसता फिरला. मग त्याने गावातल्या माणसांना एकच प्रश्न विचारला, आवाज आला तेव्हा तुम्ही कुठे होतात? कुणी म्हणालं चहा पीत होतो. कुणी म्हणालं वाटलं ढग फुटला. एक बाई म्हणाली, माझा भाऊ तिकडच्या बाजूला कामाला जायचा, मी चुलीपुढून उठले ती तशीच पळत सुटले. पडद्यावर काहीच नाही, काळा पडदा आणि आवाज. सगळ्या फिल्मांत मला ही थोर वाटते. अपघात म्हणून जो रकाना वर्तमानपत्रात असतो, त्यात कारखान्याच्या शेजारी कोण राहतं आणि का राहतं हे कधी येत नाही. या पोराने तेही विचारलंय, पान चौदावर आहे, वाचा.

एक फिल्म मात्र या अंकात अर्धीच छापलीय. एका पोराचा मामा सुरतेला ठेकेदाराकडे गटार साफ करतो. दिवाळीला आला तेव्हा पोराने त्याच्या हातांचं शूटिंग केलं. नुसते हात. नखं, भेगा, एक जुनी जखम. मामा बोलतोय की आत उतरलं की आधी काय दिसतं. माणसाला गटारीत उतरवायचं नाही असा कायदा २०१३ चा आहे. त्याआधीचा मैला वाहण्याविरुद्धचा कायदा १९९३ चा. गटारीत मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितलं आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. मरणाचा भाव वाढला. मामाला हे काही माहीत नव्हतं. भाच्याने वाचून दाखवलं. मामा म्हणाला, छाप, पण माझं नाव नको, गाव नको, आवाजही नको, ठेकेदाराला कळलं तर उद्यापासून हजेरी बंद.

आता इथे काय करायचं? आपल्या चळवळीत हुतात्मे मागायची घाई फार असते. मी म्हटलं, मामा म्हणतो तसंच. आवाज काढला, भाच्याने मामाचे शब्द स्वतः बोलले, दोन वाक्यं गाळली. फिल्म कमजोर झाली का? झाली असेल. ज्याच्या हाताची फिल्म आहे त्याची भाकर त्या फिल्मने जाणार असेल, तर असल्या ताकदीचं लोणचं घालायचंय का? वाकडीचा व्हिडिओ फार ताकदवान होता, हे विसरू नका.

ही फिल्म एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात लावायचं ठरत होतं. तिथल्या मुख्याध्यापकांनी बघितली आणि म्हणाले, विषय स्वच्छतेचा आहे, चांगला आहे, फक्त जातीचं तेवढं काढा. पोराने विचारलं, "सर, मग त्यात उरतं काय?" फिल्म लागली नाही. आम्ही ती विहारात चादरीवर दाखवली. बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. मामाचे हात आले तेव्हा कुणीतरी दिवा लावायला उठलं होतं, ते तसंच खाली बसलं.

फिल्मा आम्ही अजून इंटरनेटवर टाकलेल्या नाहीत. ज्या घरांचं शूटिंग आहे त्या प्रत्येक घरात बसून दाखवतोय, विचारतोय. होय म्हणाले तर टाकू. पोरांची नावं या अंकात कुठेही नाहीत आणि गावाचंही नाही. कुणी खोदून विचारलं तरी सांगणार नाही. पुढे ज्यांना लिहायचंय त्यांच्यासाठी पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेलं 'पारी' आहे. ते विद्यार्थ्यांचं काम घेतात आणि त्यांचं बरंच काही मराठीतही येतं. आमच्यातल्या दोघी तिकडे पाठवायचं म्हणतायत. त्यांचं त्यांना ठरवू दे.

शहरातल्या दोस्तांना आता नीट सांगतो. जुना पण चालू मोबाइल असेल तर पाठवा, आतलं सगळं पुसून पाठवा. यायचं असेल तर जरूर या, पण शनिवारी येऊन रविवारी परत जाणाऱ्यांनी येऊ नका. निदान तीन महिने, दर आठवड्याला. येताना स्वतःचा मोठा कॅमेरा आणू नका, पोरं त्याच्याकडेच बघत बसतात आणि मग त्यांना आपला मोबाइल भिकार वाटायला लागतो. सर म्हणवून घेऊ नका. पोरांच्या फिल्मवर तुमची डॉक्युमेंटरी करायची असेल तर तसं पत्र पाठवा, पोरंच उत्तर देतील आणि ते बहुधा नाही असेल.

३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर भीमस्मृती यात्रा असते. बाबासाहेब १९३७ साली त्या दिवशी तिथे थांबले होते. ही सातही पोरं येणार आहेत. दिवसाउजेडी चादरीवर काही दिसत नाही, म्हणून तीन मोबाइल आणि दोन इअरफोन घेऊन यात्रेत फिरणार आहेत. कुणी तुमच्या हातात मोबाइल ठेवला तर दोन मिनिटं थांबा, पूर्ण बघा. प्रश्न असतील ते त्यांना विचारा. मी असेन, पण मी उत्तरं देणार नाही.